शनिवारच्या पस्तीस मिनिटांत नववीच्या मुलांना काय शिकवावं?

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी नववीसाठी शनिवारचा एक तास 'जीवन व्यवहार' या नावानं माझ्याकडे दिला आहे. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५८ मुलं. काय शिकवायचं म्हणून स्टाफरूममध्ये यादी करायला बसलो, तर ती संपेचना. शेअर बाजार, आयकर, स्वयंपाक, प्रथमोपचार, मुलाखत, वेळेचं नियोजन, ताणतणाव. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दहावीनंतर मुलं आयटीआयला किंवा पुण्याकडे कंपनीत लागतात, काही मुलींची लग्नं होतात. सुरुवात कुठून करू? 'पोर्शन कधी संपवणार' असं विचारणाऱ्या पालकांना काय सांगू? आणि याची परीक्षा घ्यावी का?"

नमस्कार मॅडम,

तुमच्या यादीतला एकही विषय वाईट नाही, पण तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी तिशी-चाळिशीतल्या नोकरदाराच्या आहेत. आयकराचं विवरणपत्र तुमच्या वर्गातल्या बहुतेकांसमोर आणखी सात-आठ वर्षं येणार नाही आणि तोवर त्याचे नियम दोनदा बदललेले असतील. शेअर बाजाराचंही तेच. त्याआधी या मुलांवर काय काय येणार आहे ते बघा. शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातवैधता, बँकेचं खातं, हप्त्यावर घेतलेला मोबाइल, मित्रासाठी जामीनदार म्हणून केलेली सही, ठेकेदाराकडची पहिली नोकरी, शहरातली भाड्याची खोली, शेतात झालेला सर्पदंश. म्हणून विषय निवडताना दोन प्रश्न विचारा. हे मुलावर एकोणिसाव्या वर्षाच्या आत येणार आहे का? आणि यात चूक झाली तर ती नंतर सुधारता येते का? आधी येणारं आणि न सुधारणारं पहिल्यांदा शिकवायचं. वेळेच्या नियोजनात चुकलेलं मूल सुधारतं. दाखल्यावर चुकीची जन्मतारीख घेऊन शाळेबाहेर पडलेल्या मुलाला ती पुढे वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. हा तास व्याख्यानाचा करू नका. दर शनिवारी मुलांच्या हातात एक खरा कागद द्या: वीजबिल, पगाराची स्लिप, कर्जाचा तक्ता, भाडेकरार, कोरा अर्ज. ५८ मुलांचे सहा-सहाचे दहा गट होतात, म्हणजे प्रत्येक कागदाच्या दहाच झेरॉक्स लागतील. झेरॉक्स काढण्याआधी मूळ कागदावरची नावं, खाते क्रमांक, आधार क्रमांक काळ्या पेनानं खोडा आणि त्या खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढा, नाहीतर उजेडात धरलं की आकडे दिसतात. पाच मिनिटं तुम्ही बोला, वीस मिनिटं मुलांना काम करू द्या आणि उरलेल्या दहात गटांच्या चुका फळ्यावर घ्या. खरं शिकणं त्या शेवटच्या दहा मिनिटांत होतं, ती कापू नका.

सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन वगळलं तर वर्षाला वीस-बावीस शनिवार हाती येतील. त्यांचा क्रम तुमच्या गावाच्या वेळापत्रकावर बसवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास पालक तोडीला निघतात आणि काही मुलंही त्यांच्याबरोबर जातात. त्यामुळे ज्यासाठी पालकांची सही, त्यांच्याकडचे जुने कागद किंवा त्यांची चार उत्तरं लागणार आहेत, ते सगळं दसऱ्याच्या आत उरकायला हवं. दिवाळीनंतर येतील ते विषय मुलं एकट्यानं करू शकतील असे ठेवा.

जून-जुलैचे पहिले चार शनिवार कागदपत्रांना द्या. पहिल्या तासाला प्रत्येक मुलाकडून चार कागदांचा तक्ता करून घ्या: जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. रजिस्टरमधली नोंद तुम्हीच आधी उतरवून आणा. चारही ठिकाणचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, मराठीत आणि इंग्रजीत, अक्षर न् अक्षर लिहायचं. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग एका कागदावर 'डी'पासून आणि दुसऱ्यावर 'जे'पासून सुरू झालेलं सापडेल. कुठे आडनावाच्या जागी आजोबांचं नाव असेल. आणि १ जून ही जन्मतारीख इतक्या मुलांची निघेल की तुम्हीच थक्क व्हाल. पहिलीत नाव घालताना कुणीतरी ती सोयीसाठी टाकलेली असते. जन्मदाखल्यावर वेगळी तारीख असेल तर दुरुस्तीची खरी वेळ आत्ता आहे. मूल शाळेत शिकत असताना पालकांचा अर्ज आणि पुरावे जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि मंजुरी आली की रजिस्टरमध्ये नोंद बदलते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर हाच बदल फार अवघड होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर बोर्ड तेच छापतं जे शाळेनं भरलेलं असतं. म्हणून पुढच्या वर्षी बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे नावं तपासायची यादी, आली की ती मुलांच्या हातात द्या आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव स्वतः तपासून सही करू द्या. क्लार्कनं घाईत तपासलेल्या यादीवर विसंबू नका.

दुरुस्तीचा क्रमही शिकवायला हवा, कारण लोक तिथेच चुकतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईघाईनं आधी आधार बदललं आणि नंतर जन्मदाखल्यात वेगळंच निघालं, तर संधी वाया जाते. आधी जन्मदाखला, मग शाळेचं रजिस्टर आणि त्यांच्याशी जुळवून शेवटी आधार, असा क्रम ठेवा. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे, बुबुळं आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात हे एकदा मोफत होतं. तुमचा वर्ग नेमका त्याच वयात येतोय. हे राहून गेलं की बँकेत किंवा शिष्यवृत्तीच्या पडताळणीत ठसा जुळत नाही आणि मुलाला कारणही कळत नाही.

आरक्षित प्रवर्गातल्या मुलांसाठी तिसरा आणि चौथा शनिवार राखून ठेवा. जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं. जातवैधता, म्हणजे त्या प्रमाणपत्राची पडताळणी, ही वेगळी गोष्ट, ती जात पडताळणी समिती देते. हा फरक बारावीचा निकाल लागेपर्यंत कित्येक घरांना माहीत नसतो. मग जूनमध्ये धावपळ सुरू होते, वैधता वेळेत येत नाही आणि मिळालेली जागा हातची जाते. अडतं ते जुन्या पुराव्यापाशी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा घराण्यातल्या कुणाचा तरी कागद लागतो. मुलांना घरी वंशावळ काढायला सांगा: आपण, वडील, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ. प्रत्येकापुढे तो कुठल्या गावच्या शाळेत गेला ते लिहायचं. चुलत आजोबा चौथीपर्यंत शिकले असतील, तर त्या शाळेत त्यांच्या प्रवेश-निर्गमाचा उतारा मिळू शकतो. कुणीच शाळेत गेलं नसेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४ शोधता येते. ही शोधाशोध नववीत सुरू केली तर तीन वर्षं हातात असतात. आजी-आजोबा हयात आहेत, आठवून सांगू शकतात, हेही विसरू नका.

खात्याचा विषय याच ओघात घ्या. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीचं बचत खातं उघडता येतं. शिष्यवृत्ती का आली नाही, याचं नेहमीचं कारण मुलांना नीट समजावा. सरकारी अनुदान आधारवरून जातं आणि ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी सीड झालं, म्हणजे खात्याशी जोडलं गेलं असेल त्याच खात्यात पडतं. फॉर्मवर एका बँकेचं पासबुक जोडलं आणि मध्येच कुणी दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार सीड करून दिलं, की पैसे त्या दुसरीकडे जातात.

ऑगस्टपासून व्याज घ्या. इथे तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, हा वर्गाचा मोठा फायदा. मुलांनी आठवीत चक्रवाढव्याज केलेलं असतं, नववी-दहावीच्या पुस्तकांत 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. फळ्यावर हे उदाहरण मांडा. जुनी मोटारसायकल घ्यायला ६०,००० रुपये कर्ज, मुदत दोन वर्षं, व्याज '१२ टक्के फ्लॅट'. दुकानदार सांगतो तसं वर्षाला ७,२००, दोन वर्षांचे १४,४००, एकूण ७४,४००; भागिले २४, हप्ता ३,१००. आता तेच ६०,००० खरोखरीच्या १२ टक्क्यांनी, म्हणजे दर महिन्याला शिल्लक मुदलावर एक टक्का व्याज धरून काढा. हप्ता येतो साधारण २,८२५ आणि एकूण व्याज ७,८०० च्या आतबाहेर. दोन्हीकडे म्हटलं होतं '१२ टक्के'च! फ्लॅटमध्ये फेडून टाकलेल्या रकमेवरही व्याज चालूच राहतं, म्हणून त्याचा खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. मुलांकडून पहिल्या सहा महिन्यांचा तक्ता वहीत करून घ्या: शिल्लक, व्याज, मुद्दल, नवी शिल्लक. सहा ओळी हातानं केल्या की पुढच्या अठरा आपोआप समजतात. दुकानात विचारायचं वाक्यही पाठ करून घ्या: "व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर? प्रोसेसिंग फी धरून मी एकूण किती भरणार?"

त्यानंतर गावातली उदाहरणं घ्या. 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला पाच टक्के, म्हणजे वर्षाला साठ. रोजच्या वसुलीचं गणित मुलांना जास्त भिडेल: कागदावर १०,००० कर्ज, त्यातले १,००० आधीच कापून हातात ९,००० आणि पुढे १०० दिवस रोज १०० रुपये. वरवर पाहता हजार रुपये जास्त, दहा-अकरा टक्के. पण रक्कम पहिल्या दिवसापासून परत जात असते, म्हणून वर्षाच्या हिशेबानं हा दर ७५ टक्क्यांच्या वर जातो. परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते, हे एका वाक्यात सांगा.

ऊसतोडीच्या उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेचा, एक तास मात्र जरूर घ्या, आणि तो पालक निघण्याआधी. कुणाच्या घरी किती उचल घेतली हे वर्गात कधीही विचारू नका; आकडे काल्पनिक घ्या. उचल, टनाचा दर, रोज तोडलेले टन, खाड्याची कपात, शेवटी शिल्लक, असा हिशेबाचा नमुना करा. कुटुंबांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: टनांची नोंद फक्त मुकादमाकडे असते. मुलाला शंभर पानी वही द्या आणि रोजची तारीख, गाडीचा नंबर, वजनकाट्याच्या पावतीवरचं वजन लिहायला शिकवा. नववीतलं मूल घरातला हिशेबनीस होऊ शकतं आणि त्याचा उपयोग त्याच हंगामात होतो.

व्याजाचा विषय संपवताना जामीनदारी घ्या. अठरा पूर्ण झाले की मित्र म्हणतो, "नुसती सही कर, हप्ते मीच भरणार." भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारा आधी मित्राकडेच गेला पाहिजे असं बंधन नसतं. तो थेट जामीनदाराच्या पगारावर येऊ शकतो.

सर्पदंशाचा विषय जुलै-ऑगस्टच्या पावसातच हवा, म्हणून व्याजाच्या मध्ये एक शनिवार तोडून तो घ्या. तुमच्या भागात जीव घेणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणतं आणि पापण्या जड होतात. हे लक्षण मुलांना सांगाच. चावल्यावर काय करायचं ते दोन मुलांवर प्रत्यक्ष करून दाखवा. माणसाला आडवं करायचं, धीर द्यायचा, अंगठी, बांगडी, जोडवी, करदोरा लगेच काढायचा कारण सूज येते. चावलेला हात-पाय फळकुटाला सैल बांधून हलू द्यायचा नाही आणि घड्याळात वेळ बघून ठेवायची. दोरी आवळायची नाही, चीर द्यायची नाही, तोंडानं ओढायचं नाही. घोणस-फुरश्याचं विष जागच्या जागी मांस आणि रक्त बिघडवतं. आवळून बांधलं की तो अवयव सडतो. गाडी मिळत नसेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मध्ये बसवून मागे तिसऱ्यानं धरायचं. १०८ ला फोन करायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. कुठल्या दवाखान्यात सर्पविषाची लस ठेवलेली असते हे तुम्ही आधी फोन करून विचारा आणि ते नाव मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. साप पकडण्यात किंवा मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. विंचवाचंही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या औषधानं विंचूदंशाचे मृत्यू किती कमी करता येतात ते दाखवून दिलं. पण ते औषध मिळायला मूल दवाखान्यात पोचावं लागतं.

याच गटात छातीदाबनाचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर द्यायच्या सीपीआरचा, एक तास. पोत्यात कपडे घट्ट भरून जमिनीवर ठेवा, छातीच्या मधोमध हाताची टाच, कोपर ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. जिवंत मुलावर सराव करू देऊ नका. बहुतेक मुलं दोन चुका करतात: कोपर वाकवतात आणि दाबल्यावर छाती पुन्हा वर येऊ देत नाहीत. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट किंवा शाई नाही. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. विजेचा भाग तुमच्या विज्ञान शिक्षकांना द्या; दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' आहेच.

मुलींच्या लग्नांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण आमच्या मते तो तास वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो मुलामुलींना एकत्र घ्यावा. कायद्यानं वय मुलीचं १८, मुलाचं २१. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर मूल स्वतः फोन करू शकतं, नाव गुप्त राहतं. लग्न झालंच असेल तरी ज्याचं तेव्हा कमी वय होतं त्याला किंवा तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत ते न्यायालयातून रद्द करून घेता येतं. ही गोष्ट मुलींना कुणी सांगतच नाही. आणि मुलांना हे स्पष्ट सांगा: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमती धरली जात नाही. 'दोघांच्या मर्जीनं' पळून गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलावर गंभीर गुन्हा दाखल होतो. हा तास घेण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या आणि शक्य असेल तर आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला शेजारी बसवा. तासानंतर एखादी मुलगी तुमच्याकडे काही सांगायला आली तर काय करायचं, हे तुमचं आधी ठरलेलं असू द्या. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोलिसांना कळवणं हे शिक्षकावर कायद्यानं बंधनकारक आहे.

दिवाळीनंतर मोबाइल. ओटीपी सांगू नका, हे मुलांना पाठ असतं, त्यावर वेळ घालवू नका. दोन गोष्टी पुरेशा आहेत. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही. 'रिफंड घ्यायला पिन टाका' असं कुणी म्हटलं की तिथेच थांबायचं. दुसरी गोष्ट खातं वापरायला देण्याची. सतरा-अठराच्या मुलाला कुणीतरी सांगतं, तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला काही हजार मिळतील. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात. पोलिसांचा माग त्या मुलापर्यंत येतो, खातं गोठतं, शिष्यवृत्ती आणि पहिला पगार त्यातच अडकतो आणि गुन्ह्यात नाव येतं. 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. पैसे तासाभरात चार-पाच खात्यांतून पुढे जातात, म्हणून उद्या सकाळी वडिलांना विचारून करतो म्हणणाऱ्याचे परत मिळणं कठीण होतं. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. ते मोठं माणूस तुम्ही असू शकता, हे वर्गात मोठ्यानं म्हणा.

मग नोकरी. पगाराची स्लिप हा माझ्या मते, म्हणजे हे सदर चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच मते, या वर्षातला सर्वांत उपयोगी कागद. ठेकेदार म्हणतो 'वीस हजारांचं पॅकेज'. गटांना आकडे द्या: ढोबळ पगार १८,०००, त्यात मूळ वेतन १२,०००. पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे १,४४०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, ढोबळ पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५. व्यवसाय कर २००. हातात १६,२२५. मुलगी असेल तर महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून १६,४२५. आता ढोबळ पगारात मालकाचा वाटा जोडा: पीएफ १,४४० आणि ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ५८५. झाले २०,०२५. 'वीस हजार' कुठून आले ते मुलांना स्वतः सापडू द्या. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, तेव्हा त्या एका महिन्याचा पगार शंभरानं का कमी येतो तेही विचारा. पुढे काय बिघडतं: स्लिपवर पीएफची कपात दिसते, पण ठेकेदार ती भरतच नाही. म्हणून तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक उमंग ॲपवर बघायचं. नोकरी बदलली तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच सांगायचा, नवा काढायचा नाही. ईएसआयचे पैसे कापले जातात म्हणजे दवाखाना हक्काचा आहे, हे कित्येक कामगारांना ठाऊकच नसतं. आणि दहावीचं मूळ प्रमाणपत्र कंपनीत कधीही ठेवायला द्यायचं नाही. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा नोकरी देत नसतो.

खोलीच्या भाड्याला अर्धा तास पुरे. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं. डिपॉझिट ऑनलाइन द्यायचं किंवा पावती घ्यायची. खोलीत शिरताना वीजमीटरच्या रीडिंगचा आणि भिंतींचा फोटो काढायचा.

अर्ज लिहिणं मराठीच्या शिक्षकांकडे सोपवा. उपयोजित लेखनात पत्रलेखन आहे, त्यात काल्पनिक अर्जाऐवजी खरा अर्ज द्या: वीजबिलातल्या चुकीचा, दाखल्याच्या दुरुस्तीचा. एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः बघा. अर्जाच्या दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का, म्हणजे पोच. पोच नसलेला अर्ज सरकारी कचेरीत दिलाच नाही असा धरला जातो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली कुठला दाखला किती दिवसांत मिळायला हवा ते कार्यालयाच्या फलकावर असतं. मुलांना तहसीलमध्ये पाठवून तो फलक उतरवून आणायला सांगा. माहिती अधिकाराचं तेवढंच: दहा रुपये, तीस दिवस, नाही मिळाली तर पहिलं अपील.

स्वयंपाक, नळदुरुस्ती, वायरिंग या तासात बसत नाहीत. ३५ मिनिटांत ५८ मुलांना पकड-पाना देता येत नाही. मुख्याध्यापकांची तयारी असेल तर शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या संस्थेचा आठवड्यातून एक दिवस हातानं काम करण्याचा अभ्यासक्रम अनेक शाळांत चालतो. तो वेगळा, मोठा निर्णय आहे, शनिवारच्या तासावर त्याचं ओझं टाकू नका. बाहेरच्या प्रेरणादायी वक्त्यांना तर हा तास मुळीच देऊ नका. तसे तास दोन झाले की मुलं वही आणणं बंद करतात.

पालकांना तत्त्व सांगत बसू नका. जुलैतल्या पालकसभेत प्रत्येक पालकाच्या हातात त्यांच्या मुलाचा चार कागदांचा तक्ता ठेवा, चूक लाल पेनानं गोल केलेली. पोर्शनचा प्रश्न मग फारसा येणार नाही. आला तर व्याजाचे तास गणिताचे, पत्राचे मराठीचे आणि विजेचे विज्ञानाचे आहेत, हे वेळापत्रकात तसं लिहूनच दाखवा.

लेखी परीक्षा घेऊ नका. मुलं '१९३० हा कशाचा क्रमांक आहे' एवढंच पाठ करतील. त्याऐवजी फेब्रुवारीत पाच कामं द्या आणि प्रत्येकासमोर नुसती 'जमलं' किंवा 'पुन्हा' अशी नोंद करा. अनोळखी पगाराच्या स्लिपवरून हातात येणारी रक्कम काढणं, कर्जाच्या तक्त्याच्या तीन ओळी, पोच घेता येईल असा पूर्ण अर्ज, पोत्यावर दोन मिनिटं छातीदाबन आणि स्वतःच्या चार कागदांचा जुळलेला तक्ता. शेवटचं काम 'पुन्हा' असलेल्या मुलांची यादी दहावीच्या वर्गशिक्षकांकडे लेखी द्या, प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे कुठल्या तारखेला गेला ते प्रत्येक नावापुढे लिहून. तोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततील, त्यांच्यासाठी ही पाचही कामं तेव्हा एकदा पुन्हा ठेवा. टनांची वही भरून आणलेल्या मुलाला तक्त्याच्या तीन ओळींतून सूट द्यायला हरकत नाही.